टपालाचा सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा

पत्र टाकणारा आणि पत्र मिळणारा या दोघांनाही टपालखात्याची दोन टोकेच तेवढी दिसतात. एका टोकास तांबडी पेटी आणि दुसऱ्या टोकास पोस्टमन. मधले थैले, शिक्के, छाननी यांपैकी त्यांच्या दृष्टीस काहीच पडत नाही आणि पडण्याचे कारणही नसते. पत्र आले नाही म्हणजे मात्र सारा दोष पोस्टमनच्या पदरी पडतो. ईमेलच्या बाबतीतही नेमके असेच घडते. नोएडातील किंवा गुडगावातील एखाद्या कार्यालयात सकाळी पत्रे येईनाशी झाली, की ‘सर्व्हर बंद पडला’ एवढेच निदान सर्वमुखी होते आणि तो बंद करून पुन्हा सुरू करावा असा सल्ला देण्यास प्रत्येकजण पुढे सरसावतो. हा सल्ला कधी उपयोगी पडतो, पुष्कळदा निरुपयोगी ठरतो आणि काही वेळा अनर्थ करतो. असे का होते हे समजण्यासाठी पेटी आणि पोस्टमन यांच्यामधील भाग थोडा उघडून पाहिला पाहिजे.

आरंभ पत्त्यापासून करणे सोयीचे होईल. नवी दिल्लीच्या मध्यवर्ती भागाचा पिनकोड ११०००१ आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते त्या वेळी केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि नाना तऱ्हेची हस्ताक्षरे यांतून वाट काढण्यासाठी सहा अंकांचा हा उपाय निघाला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि अखेरचे तीन प्रत्यक्ष डाकघर. पत्रावरील नाव न वाचताही थैला योग्य गाडीत चढू शकतो.

ईमेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ या चिन्हापुढे जे नाव असते, ते असेच काम करते. पाठवणारे यंत्र ‘डीएनएस’ नावाच्या जगभर विखुरलेल्या नोंदवहीस विचारते, की या नावाच्या संस्थेची पत्रे कोणते यंत्र स्वीकारते? उत्तर मिळाले, की ते त्या यंत्राच्या दाराशी जाते. हे दार ठरलेले असते आणि त्याला क्रमांक असतो. पत्रे घेण्याचे दार सर्वत्र २५ क्रमांकाचे. तांत्रिक भाषेत या दारास ‘पोर्ट’ म्हणतात.

दारामागे एक यंत्र असले, तरी त्यात काम करणारे अनेक असतात. एक प्रोग्राम दारात उभा राहून पत्रे घेतो. दुसरा ती रांगेत लावतो. तिसरा रांगेतील पत्र योग्य त्या खणात टाकतो. चौथा खातेदारास त्याचा खण उघडून दाखवतो. पत्रांत संगणकास घातक असे काही दडले आहे काय, याची तपासणी पाचव्याकडे असते. खातेदार कोण, त्याचा पासवर्ड कोणता, याची सूची सांभाळणारा आणखी एक असतो. या प्रत्येकास ‘सेवा’ हा पारिभाषिक शब्द आहे. मूळच्या रचनेत यांपैकी बरेचसे काम एकच मोठा प्रोग्राम करीत असे. एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिलेला आणि १९८३ पासून प्रसार पावलेला ‘सेंडमेल’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. १९९८ मध्ये वीत्से वेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ बाहेर आला. त्यात मात्र छोट्या छोट्या प्रोग्रामांत कामाची वाटणी केलेली होती आणि प्रत्येकास गरजेपुरताच अधिकार होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे पाऊल फार मोलाचे ठरले. पण दहा माणसांचे कार्यालय एका माणसाच्या दुकानापेक्षा उघडण्यास अवघड असते, हेही त्याबरोबर आलेच.

भारतात ईमेलचा वापर शिक्षणसंस्थांच्या ‘अर्नेट’ या जाळ्यातून वाढला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली ते उभारावयास घेतले. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सामील होते. सुरुवातीस यंत्रे एकमेकांना साध्या टेलिफोनवरून क्रमांक फिरवून गाठीत आणि साठलेली पत्रे एकदम देऊन टाकीत. फोन लागला नाही तर पत्रे थांबत आणि पुन्हा प्रयत्न होई. तारा गेल्या, वेग हजारो पटींनी वाढला, पण ‘आधी साठवा, मग पुढे द्या’ हे तत्त्व आजही ईमेलचा पाया आहे.

घाबरलेल्या व्यवस्थापकास पहिला दिलासा मिळतो तो याच तत्त्वात. घेणाऱ्याचे दार बंद असेल तर पाठवणारा पत्र फेकून देत नाही. ते आपल्या रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा दार ठोठावतो. पोस्टफिक्सच्या मूळ योजनेत तो पाच दिवस हे करीत राहतो. त्यानंतरच पत्र ‘पोचवता आले नाही’ अशा शेऱ्यासह परत जाते. म्हणजे सर्व्हर चार तास बंद राहिला तरी बाहेरून येणारी पत्रे सहसा बुडत नाहीत. बुडतात ती घाईने केलेल्या दुरुस्तीत, रांगच पुसून टाकली तर. या चार तासांत शांत राहणाऱ्याचे काम निम्मे होते.

आता मुख्य प्रश्न. सेवा सुरू होत नाही, याचा अर्थ काय? बहुतेक वेळा ती ‘मोडलेली’ नसते. तिने नकार दिलेला असतो. जे मिळाल्याशिवाय काम करू नये असे तिला शिकवले आहे, ते तिला मिळालेले नसते. आणि जवळजवळ प्रत्येक चांगली सेवा आपल्या नकाराचे कारण लिहून ठेवते.

जुलै २०१२ मधील एक घटना या संदर्भात पाहण्यासारखी आहे, जरी ती ईमेलची नव्हे. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दिल्लीसह अनेक राज्ये अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली, दिल्लीची मेट्रो थांबली आणि सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशास त्याची झळ पोचली. वीजकेंद्रे शाबूत होती. तरीही ती एका कळीसरशी सुरू होऊ शकली नाहीत; कारण औष्णिक वीजकेंद्र सुरू करण्यासाठीच आधी वीज लागते. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, हवेचे पंखे, पाण्याचे पंप हे सर्व विजेवर चालतात. म्हणून ज्यांना बाहेरच्या विजेची गरज नाही किंवा फार थोडी आहे अशी केंद्रे आधी उठवावी लागतात, अथवा शेजारच्या जाळ्यातून वीज उसनी आणावी लागते. मग तिच्यावर पुढचे केंद्र उठते. क्रम चुकला तर नुकतेच उठलेले केंद्रही पुन्हा बसते.

टपालाच्या यंत्राची गोष्ट लहान प्रमाणावर हीच आहे. वीज गेल्यावर आणि परत आल्यावर कार्यालयातील सर्व यंत्रे एकाच क्षणी जागी होतात. पत्रे घेणारी सेवा दोन मिनिटांत तयार होते, पण जेथे पत्रांचे खण आहेत ती साठवण उठण्यास दहा मिनिटे लागतात. खण दिसत नाहीत म्हणून सेवा नकार देते आणि बसते. अकराव्या मिनिटाला सर्व काही ठीक असते, फक्त तिला पुन्हा कोणी हाक मारलेली नसते. ‘बंद करून सुरू करा’ हा सल्ला उपयोगी पडतो तो येथे. मात्र त्याचे श्रेय सल्ल्याकडे जात नाही, मधल्या दहा मिनिटांकडे जाते.

‘झिंब्रा’ या संचात हे अवलंबन विशेष स्पष्ट दिसते. कोणकोणत्या सेवा चालू करावयाच्या याची यादीसुद्धा तेथे खातेदारांच्या सूचीतच लिहिलेली असते. त्यामुळे सूचीची सेवा उठली नाही, की पडद्यावर एवढेच येते की सेवांची यादी मिळू शकली नाही. नवखा माणूस पत्रपेटी, तपासणी, रांग यांच्यामागे धावतो. दोष पुष्कळदा एकाच जागी असतो. सूचीची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. असे प्रमाणपत्र कालपर्यंत चालते आणि आज चालत नाही, मध्ये कोणी काहीही बदललेले नसते. ‘आम्ही तर काहीच केले नाही’ ही कर्मचाऱ्यांची तक्रार अशा वेळी अक्षरशः खरी असते, आणि काहीच न करणे हाच दोष असतो.

कारण शोधण्याची जागा म्हणजे ‘लॉग’, यंत्राची रोजनिशी. ती वाचण्याची एक रीत आहे आणि ती बहुतेकजण उलटी वापरतात. शेवटची ओळ ठळक असते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. पण शेवटची ओळ परिणाम सांगते. एका सेवेच्या नकारामुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी अशा तक्रारींची माळ लागते. सेवा उठवण्याची आज्ञा ज्या मिनिटाला दिली तेथून खाली वाचत यावे आणि पहिली तक्रार कोणती, ती पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा वाचावे. पाच गोष्टी एकदम बदलून सेवा सुरू झाली, तर ती कशामुळे सुरू झाली हे कळत नाही. पुढल्या वेळी तीच रात्र पुन्हा जागावी लागते.

पहिल्या तक्रारीत आढळणारी कारणे फारशी अनेक नाहीत. २५ क्रमांकाच्या दारात आधीच कोणी उभे असते. पोस्टफिक्स बसवले, पण लिनक्ससोबत आलेला जुना ‘एक्झिम’ किंवा सेंडमेल कोणी काढलाच नाही. एका दारात दोघे उभे राहू शकत नाहीत, म्हणून नवा आलेला मागे फिरतो. किंवा सेवा सामान्य वापरकर्त्याच्या नावाने उठवली जाते. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालच्या क्रमांकाचे दार उघडण्याचा हक्क मुख्य व्यवस्थापकासच आहे. किंवा मांडणीच्या फाइलीत एखादा स्वल्पविराम सुटलेला असतो. या दोषांना वेळ लागत नाही.

डिस्क भरणे हा दोष सर्वांत सामान्य, आणि त्याचा एक प्रकार फसवा आहे. डिस्कवर चाळीस टक्के जागा मोकळी दिसते आणि तरीही यंत्र ‘जागा नाही’ म्हणते. ग्रंथालयात काम केलेल्यांस हे चटकन समजेल. कपाटे रिकामी आहेत, पण दाखलनोंदवहीची पाने संपली. नोंद केल्याशिवाय पुस्तक कपाटात ठेवता येत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत डिस्कवर किती फाइली ठेवता येतील याच्या नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरलेली असते. या नोंदीस ‘आयनोड’ म्हणतात. जेथे प्रत्येक पत्र ही वेगळी फाइल असते तेथे लाखो चिमुकली पत्रे साठून नोंदी आधी संपतात. जागा मोजणाऱ्यास काहीच सापडत नाही, नोंदी मोजणाऱ्यास क्षणात उलगडते.

घड्याळाचा दोष याहून सूक्ष्म आहे. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, अणुघड्याळांच्या आधारे राखली जाते. टपालाच्या यंत्राचे घड्याळ मात्र एका छोट्या बॅटरीवर चालते. ती संपलेली असेल आणि वीज गेली, तर यंत्र जागे होते ते काही वर्षांपूर्वीच्या तारखेला. मग सर्व प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू न झालेली’ ठरतात आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. उलट घड्याळ पुढे असेल आणि कोणी ते एकदम मागे आणले, तरी गोंधळच. ‘डव्हकॉट’ ही खातेदारास खण दाखवणारी सेवा फिनलंडचे टिमो सिरायनेन यांनी लिहिली. तिच्या जुन्या आवृत्त्या वेळ मागे सरकल्याचे पाहताच, यातून पुष्कळ घोटाळे होतील म्हणून आपण आता स्वतःस संपवीत आहोत, असे रोजनिशीत लिहून खरोखरच बंद होत. नंतरच्या आवृत्त्यांनी एवढा टोकाचा मार्ग सोडला. तरीही त्या जुन्या सेवेचा विचार चुकीचा होता असे म्हणता येत नाही. कोणते पत्र आधीचे, कोणते नंतरचे, हे ठरत नसेल तर खणांत हात घालू नये, हे खरेच.

नकार कधी कधी यंत्राचा नसतोच, आणि अशा वेळी वारंवार सुरू करून पाहणे घातक ठरते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रुग्णनोंदणीची संगणक-व्यवस्था चालेनाशी झाली. नोंदणी, दाखला, तपासण्यांचे अहवाल ही सारी कामे हाताने करावी लागली. रोज हजारो रुग्ण जेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. वरवर पाहता हीही ‘सेवा सुरू होत नाही’ अशीच तक्रार. पण सरकारने नंतर संसदेत सांगितले, की अज्ञात हल्लेखोरांनी पाच सर्व्हर बाधित केले होते. सुमारे १.३ टेराबाइट माहिती त्यांनी कुलूपबंद करून टाकली होती आणि जाळ्याची विभागणी योग्य नसल्याने त्यांना शिरकाव करता आला. एका राखीव सर्व्हरवरील प्रत शाबूत होती; तिच्यावरून माहिती नव्या यंत्रांवर आणली गेली आणि बहुतेक कामे सुमारे दोन आठवड्यांनी पूर्ववत झाली. अशा प्रसंगी बाधित यंत्र जाळ्यातून सोडवून बाजूस ठेवावे लागते. त्याची रोजनिशी जपावी लागते आणि शाबूत प्रत त्याला चुकूनही जोडू नये. संगणक-सुरक्षेची केंद्रीय संस्था ‘सर्ट-इन’ हिने त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी काढलेल्या निर्देशांत घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे, रोजनिश्या १८० दिवस राखणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवणे या तिन्ही गोष्टी आहेत. घड्याळे जुळत नसतील तर दोन यंत्रांच्या रोजनिश्या शेजारी ठेवून चोर कोठून कोठे गेला हे सांगता येत नाही.

आता ज्या दिवशी वर सांगितलेले बहुतेक सर्व एकत्र आले, त्या दिवसाकडे वळू. १ जानेवारी २०२२, शनिवार. ग्रिनिच येथे मध्यरात्र उलटली तेव्हा दिल्लीत पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यानंतर जगभरातील ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’च्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांच्या असंख्य सर्व्हरांत पत्रे रांगेत अडकू लागली. दार उघडे होते, साठवण ठीक होती, सूची ठीक होती. पत्रे तपासणारी सेवा तेवढी उठत नव्हती. ती न उठल्यामुळे तपासणीवाचून पत्र पुढे जाऊ नये, हा नियम सर्व्हर इमानाने पाळत होता.

रोजनिशीतील पहिली तक्रार अशी, की २२०१०१०००१ या संख्येचे रूपांतर करता येत नाही. एवढ्या एका ओळीत सारे कारण होते. तपासणीच्या संचास दर वेळी नवा क्रमांक मिळे आणि तो तारखेवरून बनवलेला असे. आधी वर्षाचे दोन अंक, मग महिना, मग दिवस, शेवटी अनुक्रम. ही संख्या ज्या खणात ठेवली जात होती, त्यात ३२ द्विमान अंकांचीच सोय होती आणि त्यांपैकी एक चिन्हासाठी. अशा खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. २०२१ सालातील प्रत्येक क्रमांक २१ ने सुरू होत असल्याने आणि महिना बाराच्या पुढे जात नसल्याने मावत होता. वर्ष २२ लागताच पहिलाच क्रमांक खणाबाहेर गेला. व्यवस्थापक सर्व्हर बंद-चालू करीत राहिले. सेवा प्रत्येक वेळी तीच संख्या वाचून त्याच जागी थांबली.

इकडे मुदतही चालू होती. एक्स्चेंजच्या मूळ योजनेत रांगेतील पत्र दोन दिवस थांबते, पोस्टफिक्सप्रमाणे पाच नव्हे. शनिवारी पहाटे अडकलेले पत्र सोमवारी पहाटेपर्यंत सुटले नाही तर परत जाणार. आणि मध्ये नववर्षाची सुट्टी. अनेकांनी तपासणी तात्पुरती बंद करून पत्रे मोकळी केली. पत्रे गेली, पण कोणी न पाहता गेली. तो मार्ग चुकीचा नव्हता. त्याची किंमत ठाऊक असून तो घ्यावयाचा होता, आणि नंतर तपासणी पुन्हा चालू करण्याची आठवण ठेवावयाची होती.

मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी उपाय प्रसिद्ध केला. तपासणीची व पत्रे पुढे नेणारी अशा दोन सेवा थांबवावयाच्या, जुना संच पुसावयाचा, नवा उतरवून घ्यावयाचा आणि मग सेवा उठवावयाच्या. खण मोठा करणे एका दिवसाचे काम नव्हते. म्हणून नव्या संचाला जो क्रमांक दिला तो होता २११२३३०००१. वाचकाने तो तारखेप्रमाणे वाचून पाहावा. वर्ष २१, महिना १२, दिवस ३३. डिसेंबरच्या त्या तेहेतिसाव्या तारखेला सेवेने हरकत घेतली नाही, कारण संख्या खणात मावत होती. आणि शनिवारपासून थांबलेली पत्रे रांगेतून एकेक करून सुटू लागली.